श्राव्य भयकथेची दृश्ययोजना

मराठी घरांतील मुलांना कित्येक पिढ्या ज्याची भीती घातली गेली, तो बागुलबुवा दिसतो कसा हे कोणालाच सांगता येत नाही. त्याला हात किती, त्याचा वर्ण कोणता, तो उंच की ठेंगू, यांविषयी परंपरा पूर्ण मौन बाळगते. आई रडणाऱ्या मुलाला दाराकडे बोट दाखविते, आवाज खाली आणून त्याचे नाव घेते, प्रसंगी हळूच कडी वाजविते. आणि मूल गप्प होते. या लहानशा घरगुती प्रयोगात भयकथेची सर्व सामग्री हजर आहे. त्यात दृश्य म्हणून जे काही आहे, ते केवळ एक मिटलेले दार. बागुलबुवाचे चित्र कोणी काढलेच नाही, म्हणून तो प्रत्येक मुलाला वेगळा दिसला आणि प्रत्येकाला पुरता दिसला.

हा दाखला आज पुन्हा विचारात घेण्याचे कारण असे की, केवळ कानाने घ्यावयाची भयकथा मराठीत नव्याने रूढ झाली आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात स्टोरीटेल या स्वीडिश संस्थेने भारतात मराठी श्राव्य पुस्तकांचा उपक्रम आरंभिला, आणि त्यानंतर नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचणारा वाचक त्या कथा ऐकणारा श्रोता झाला. पूर्वी आकाशवाणीची श्रुतिका श्रोत्यापर्यंत पोहोचे ती केवळ नावाने आणि वेळेने. तिला मुखपृष्ठ नव्हते. नवी श्राव्य मालिका मात्र फोनच्या काचेवर चौकोनी चित्राच्या रूपाने प्रथम भेटते. प्रत्येक भागाला चित्र हवे, जाहिरातीला चित्र हवे, आणि मालिका लोकप्रिय झाली की तिच्या रंगमंचीय प्रयोगाला नेपथ्यही हवे. कानासाठी जन्मलेली कलाकृती अशा रीतीने डोळ्याच्या दाराने घरात शिरते. तेव्हा त्या दारावर काय रंगवावे, हा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही. त्यावर कथेतील भय टिकणे वा न टिकणे अवलंबून राहते.

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे: कवटी, लाल डोळे, मोकळे केस सोडलेली पांढऱ्या साडीतील स्त्री, निष्पर्ण झाड आणि त्यामागे पौर्णिमेचा चंद्र. छापील भयकथेच्या मुखपृष्ठांवरून हा तयार माल उचलला गेला आहे. छापील पुस्तकाच्या बाबतीत तो फारसा उपद्रवी नव्हता. कारण वाचक पान उघडतो, अक्षरांत गुंततो, आणि मुखपृष्ठ त्याच्या हाताखाली झाकले जाते. श्राव्य कथेत असे होत नाही. कथा चालू असता चित्र समोर तसेच उजळत राहते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात जी आकृती घडू पाहते तिच्या जागी ते आपली आकृती बसविते. निवेदकाने दहा मिनिटे श्रम करून जिन्यावरच्या पावलांना वजन दिले, तरी ती पावले कोणाची हे श्रोत्याला आधीच दाखविलेले असते. ज्याची वाट पाहावयाची, तो पाहुणा ओट्यावर येऊन बसलेला!

संस्कृत साहित्यशास्त्राची परिभाषा येथे उपयोगी पडते, आणि ती केवळ पांडित्यासाठी नव्हे. भरताने भयानक रसाचे विभाव सांगताना आरंभीच विकृत ध्वनीचा उल्लेख केला आहे; भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांची भीती, ओसाड घर, अरण्य ही त्यानंतर येतात. उत्तरकालीन शास्त्रकारांनी विभावांची आलंबन आणि उद्दीपन अशी फोड केली. ज्याचे भय वाटते ते आलंबन. ज्या स्थळकाळामुळे ते भय चेतविले जाते ते उद्दीपन. ही फोड श्राव्य भयकथेला लावली असता दृश्ययोजनेचे क्षेत्र बरेच स्पष्ट होते. चित्राने उद्दीपनाकडे जावे. आलंबन कानाच्या स्वाधीन ठेवावे. घर दाखवावे, घरात कोण आहे ते दाखवू नये. येथवरचे म्हणणे सोपे आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ते थोडे सुधारूनही घ्यावे लागते.

तत्पूर्वी दृश्ययोजनेचा एक असा प्रकार पाहिला पाहिजे की जो श्रोत्याला कधीच दिसत नाही, आणि तरीही ज्याच्यावाचून चांगली श्राव्य मालिका उभी राहत नाही. तो प्रकार म्हणजे घराचा नकाशा. कल्पना करावी की एखादी भयमालिका जुन्या नाशिकमधील, गोदावरीकडे उतरणाऱ्या गल्लीतील एका वाड्यात घडते. दिंडीदरवाजा, ओसरी, मधला चौक, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, माडीवर जाणारा अंधारा जिना, खाली बळद, मागे परसात आड. वाडा ही वास्तू दिसण्याइतकीच ऐकू येणारी आहे. चौकात पडलेल्या भांड्याचा नाद वर घुमतो, माजघरातला शेणाने सारवलेल्या जमिनीत जिरतो. दिंडीची कडी आणि देवघराची कडी यांचे आवाज वेगळे असतात. आडावरचा रहाट कुरकुरतो तो परसातून, म्हणजे कथेतील पात्राच्या पाठीमागून. बळदात तोंड घालून बोललेला शब्द ज्या रीतीने परततो, ती रीत इतर कोणत्याही खोलीत सापडावयाची नाही. हे सर्व ध्वनी एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे ध्वनिसंयोजकाने आणि नटांनी कागदावर आखून घेतले नसेल, तर पहिल्या भागात नऊ पायऱ्यांचा असलेला जिना चौथ्या भागात तेरा पायऱ्यांचा होतो. श्रोता पायऱ्या मोजत नाही असे समजणे ही मोठी चूक आहे. अंधारात सर्वजण पायऱ्या मोजतात.

किंबहुना या चुकीतूनही एक शक्यता निघते. नकाशा काटेकोर असेल, आणि जिना पाच भागांपर्यंत नऊच पायऱ्यांचा राहिला असेल, तर सहाव्या भागात वाजलेली दहावी पायरी हे अख्ख्या मालिकेतील सर्वांत भयप्रद दृश्य ठरेल. येथे ‘दृश्य’ हा शब्द लाक्षणिक अर्थाने वापरलेला नाही. श्रोत्याने मनात बांधलेल्या वाड्यात ती पायरी त्याला दिसते. ज्याने नकाशा काढला, त्यानेच ती दाखविली.

नभोनाट्याच्या इतिहासात हे तत्त्व फार लवकर ओळखले गेले. १५ जानेवारी १९२४ रोजी बी. बी. सी.ने रिचर्ड ह्यूझ यांची ‘ए कॉमेडी ऑफ डेंजर’ ही नाटिका प्रक्षेपित केली. खास नभोवाणीसाठी लिहिलेल्या पहिल्या नाटकांत तिची गणना होते. ती घडते कोळशाच्या खाणीत, दिवे गेल्यानंतर. पात्रांना काही दिसत नाही आणि श्रोत्यांनाही दिसत नाही. दोघांची अवस्था एकच. न दिसणे ही माध्यमाची उणीव ह्यूझने कथेची परिस्थिती करून टाकली. पुढे १९३६ मध्ये रूडॉल्फ आर्नहाइम यांनी नभोवाणीवरील आपल्या ग्रंथात ह्या ‘आंधळेपणा’चा कैवार घेतला. ऐकणाऱ्याने मनात चित्रे जुळवीत बसावे हेही त्यांना फारसे मान्य नव्हते. ध्वनी स्वतःच पूर्ण आहे असा त्यांचा आग्रह होता. हा आग्रह भयकथेच्या बाबतीत मात्र अतिरेकी वाटतो. भ्यालेला मनुष्य मनात पाहिल्यावाचून राहत नाही. भय हे पाहू इच्छिते आणि पाहण्यास कचरते, हीच तर त्याची प्रकृती आहे.

ऐकलेल्या भयाला दृश्यरूप देण्याचा मराठी मातीतील सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट. त्याची भाषा हिंदी आहे, परंतु त्याचे गाव, वाडा, पाऊस आणि मूळ बीज मराठी आहे. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून बर्वे यांनी नारायण धारपांची एक कथा ऐकली, आणि त्या ऐकण्यातून पुढे या चित्रपटाचे बीज रुजले. ती कथा ‘आजी’. तिच्यामागे स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ ही कथा आहे. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेले आहे. अमेरिकेतील एका एकाकी घरात आजारी आजीजवळ राहिलेला मुलगा, तेथून धारपांची मराठी आजी, तेथून जंगलातल्या रात्री एका मुलाने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट, आणि तेथून १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला चित्रपट, असा हा प्रवास आहे. कथा डोळ्याकडून कानाकडे आणि कानाकडून पुन्हा डोळ्याकडे आली. म्हणून येथे ‘तुंबाड’चा विचार चित्रपट म्हणून फारसा करावयाचा नाही, ऐकलेल्या भयकथेची दृश्ययोजना म्हणून करावयाचा आहे.

या दृष्टीने पाहता चित्रपटाचा पूर्वार्ध जवळजवळ निर्दोष आहे. १९१८ सालचा काळ. कोकणातील एका खेड्यात आई व दोन मुले राहतात, आणि घराच्या एका खोलीत आजी कोंडलेली आहे. प्रेक्षकाला प्रथम मिळते ते आजीचे अस्तित्व, रूप नव्हे. दार, साखळी, घोरणे, आईच्या हातातील अन्नाचे पात्र, मुलांच्या चेहऱ्यांवर उमटलेली चर्या. साहित्यशास्त्राच्या भाषेत उद्दीपने आणि अनुभाव. नितीन झिहानी चौधरी व राकेश यादव यांचे कलादिग्दर्शन आणि पंकज कुमार यांचे छायालेखन यांनी पावसाला केवळ पार्श्वभूमी न ठेवता घराची पाचवी भिंत केले आहे. हा पाऊस खरा आहे. त्यासाठी कित्येक पावसाळे खर्ची पडले. सासवडच्या पुरंदरे वाड्याच्या भिंतींवरील ओल रंगाऱ्याने आणलेली वाटत नाही. अशा घरात आजी दिसण्यापूर्वीच ती तेथे पुष्कळ वर्षे राहत असल्याची खात्री पटते.

आणि त्या आजीला आवरण्याचा उपाय कोणता? हस्तरचे नाव घेऊन तिला झोपण्यास सांगावयाचे. घरातील सर्वांत भयंकर जीव बागुलबुवाच्या नावाने झोपी जातो! ही कल्पना किती मराठी आहे, आणि किती श्राव्य आहे, हे टीकाकारांनी पुरेसे लक्षात घेतलेले नाही. दृश्यमाध्यमात असूनही ‘तुंबाड’मधील सर्वांत प्रभावी शस्त्र हे उच्चारलेले नाव आहे. तोपर्यंत हस्तरचे जे दर्शन झाले ते आरंभीच्या पुराणकथेत, मूर्तीसारखे दुरून. त्यामुळे नावाभोवती मोकळी जागा शिल्लक राहते.

उत्तरार्धात ही जागा भरली जाते. देवीच्या गर्भात उतरल्यावर सर्व काही लाल आहे, आणि त्या लाल पोकळीत हस्तर प्रत्यक्ष येतो, कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो, पुन्हा पुन्हा येतो. कणकेची बाहुली ही या चित्रपटातील सर्वोत्कृष्ट वस्तू होय; स्वयंपाकघरातल्या परातीतून ती थेट पाताळात जाते आणि दोन्ही ठिकाणी तिला ओळख सांगावी लागत नाही. परंतु हस्तर जसजसा अधिक दिसतो तसतसे भय ओसरते, आणि त्याची जागा निराळीच भावना घेते. भरताने रसांना वर्ण नेमून दिले आहेत: भयानकाला काळा, रौद्राला लाल, बीभत्साला निळा, अद्भुताला पिवळा. ‘तुंबाड’च्या रंगयोजनेशी ही यादी ताडून पाहिली तर असे दिसते की, वाड्यातील काळोख भयानकाचा आहे, मोहरांचे पिवळेपण अद्भुताचे आहे, आणि गर्भातील लाल रंग तर भयानकाचा नव्हेच. तेथे जे घडते ते हावरेपणाचे युद्ध आहे. त्यातून जुगुप्सा निर्माण होते, आणि शेवटी एकाच्या जागी अनेक हस्तर येतात तेव्हा प्रेक्षक भिण्याऐवजी हिशेब करू लागतो. लोभाची कथा म्हणून हा शेवट योग्यच आहे, आणि दिग्दर्शकाला तो हवाही असेल. मात्र नागझिऱ्याच्या अंधारात ऐकलेल्या गोष्टीशी तुलना केली, तर भयाची किंमत देऊन हा अर्थ विकत घेतला आहे, हे मान्य केले पाहिजे. चौसष्टाव्या फिल्मफेअर समारंभात या चित्रपटाला छायालेखन व कलादिग्दर्शन यांच्याबरोबर ध्वनिसंयोजनाचेही पारितोषिक मिळाले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दूरचा नाही. नाशिक जिल्ह्यातलाच आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पश्चिमेकडील डोंगराळ भागात आणि लगतच्या जव्हार-मोखाड्यात आदिवासींचा बोहाडा होतो. होळीनंतरच्या दिवसांत रात्रीच्या रात्री सोंगे निघतात. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे, मशालींचा उजेड, संबळ आणि सनई. गणपती-शारदेनंतर देव येतात, तसेच राक्षसही येतात. येथे भयाचे आलंबन झाकलेले नाही. उलट ते माणसाच्या डोक्याच्या दुप्पट आकाराचे, रंगविलेले, दात काढलेले असे समोर नाचते. तरीही आईच्या कडेवरचे मूल तिला घट्ट बिलगते, आणि वडीलधारी माणसे हात जोडतात. आलंबन दाखविल्याने भय मरते, हा सिद्धांत मग टिकतो कसा?

तो आहे तसा टिकत नाही. क्रमाचा विचार त्यात घालावा लागतो. बोहाड्यात सोंग दिसण्यापूर्वी ते ऐकू येते. काळोखातून वाद्यांचा ताल बदलत जवळ येतो. जाणत्या प्रेक्षकाला त्या चालीवरूनच कळते की आता कोण येणार. मुखवटा उजेडात येईपर्यंत प्रत्येकाच्या मनात तो येऊन गेलेला असतो. शिवाय मुखवटा अपुरा दिसतो: मशाल हलते, अर्धा चेहरा पेटतो आणि विझतो. म्हणजे येथे चित्र कानाच्या मागून चालते. फोनच्या काचेवरील कवटीचा दोष ती कवटी दिसते हा नसून, ती आधी दिसते आणि सदैव सारख्याच उजेडात दिसते, हा आहे.

याच क्रमाचा निराळा पुरावा नाशिकच्याच दुसऱ्या एका घटनेत सापडतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’नंतर १९१३ मध्ये नाशिकला आले आणि येथे त्यांनी मूकपट काढले. त्यांची अडचण श्राव्य मालिकेच्या नेमकी उलट होती: त्यांच्यापाशी चित्र होते, आवाज नव्हता. तथापि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम पडद्यावर आला तेव्हा प्रेक्षक पायताणे काढून हात जोडीत, असे सांगितले जाते. त्या प्रेक्षकांनी राम प्रथमच हलताना पाहिला असेल. ऐकला मात्र तो आजन्म होता, कीर्तनातून, पोथीतून, जात्यावरून. त्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या, आणि तरी भाविकांचे काही बिघडले नाही. कान आधी तृप्त झालेला असेल, तर डोळा पुष्कळ क्षमा करतो.

उलट, कानाआधी पूर्णपणे पाहिलेल्या भयाचे काय होते, हे बालरंगभूमीने दाखवून दिले आहे. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चिंची चेटकीण नखशिखान्त सजून भरउजेडात येते, दिलीप प्रभावळकरांनी ती गाजविली आणि पुढे वैभव मांगले यांनी. मुले तिला पाहून किंचाळतात, परंतु ती किंचाळी आनंदाची असते. तेथे हास्य हेच साध्य असल्यामुळे योजना सफल आहे. तीच वेषभूषा गंभीर भयमालिकेच्या मुखचित्रावर ठेवली की मालिका ऐकण्यापूर्वीच बालनाट्य होते.

परदेशी श्राव्य मालिकांपैकी २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘वेलकम टू नाइट व्हेल’ या अमेरिकन मालिकेने हा विवेक दाखविला. जांभळ्या रंगातील एक डोळा आणि त्यात चंद्रकोर, एवढेच तिचे चिन्ह. निवेदक सेसिल कसा दिसतो हे चिन्ह सांगत नाही, आणि कथाही जवळजवळ सांगत नाही. परिणामी श्रोत्यांनीच त्याची असंख्य चित्रे काढली. बागुलबुवाची ही आधुनिक अवस्था म्हणावयास हरकत नाही. मात्र चिन्ह कितीही संयत असले तरी ते पहिल्या भागापासून अखेरपर्यंत निश्चल राहिले, तर कथेशी त्याचा संबंध हळूहळू सुटतो. ते दुकानाच्या पाटीसारखे होते. दीर्घ मालिकेच्या चित्राला बदलावे लागते, आणि बदलूनही आलंबन उघड करावयाचे नसते. ही खरी कठीण गोष्ट आहे.

त्यासाठीचा एक नमुना रामकुंडाजवळ उभा आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून पाण्याची उंची सांगतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी वार्ता गल्लीबोळांतून तोंडोतोंडी वर चढते, आणि घरात बसलेला माणूस नदी न पाहता पूर पाहतो. मूर्ती तीच, जागा तीच; बदलते ती केवळ पाण्याची रेघ. पुराचे रौद्र रूप यात कोठेच चितारलेले नाही, त्याचे मोजमाप तेवढे आहे. एखाद्या भयमालिकेच्या बारा भागांसाठी बारा चित्रे काढावयाची असतील, तर चित्रकाराने वाड्याचा तोच जिना बारा वेळा काढावा आणि प्रत्येक वेळी काळोख एक पायरी वर आणावा. नवव्या भागापर्यंत सर्व पायऱ्या काळोखात बुडालेल्या असतील. दहाव्या भागाच्या चित्रात काय दाखवावे हे तो भाग ऐकून झाल्यावाचून ठरविता येणार नाही. आणि श्रोत्यालाही ते चित्र भाग संपल्यावरच उघडावे.